अली विरुद्ध मार्सियानो : कधीच न झालेल्या लढतीचा निकाल

मुष्टियुद्धाच्या चाहत्यांमध्ये एक वाद गेली पन्नासहून अधिक वर्षे सुरू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. रॉकी मार्सियानो आणि महंमद अली हे दोन हेवीवेट जगज्जेते आपापल्या ऐन उमेदीत समोरासमोर उभे ठाकले असते, तर कोण जिंकला असता? मार्सियानोने १९५६ मध्ये निवृत्ती पत्करली, तेव्हा अली अवघा चौदा वर्षांचा होता. म्हणजे ही लढत होणे कधीच शक्य नव्हते. तरीही २० जानेवारी १९७० च्या रात्री सुमारे दीड हजार चित्रपटगृहांत लोकांनी तिकिटे काढून ती पाहिली. तेराव्या फेरीत मार्सियानोच्या ठोशांनी अली कोसळला, पंचांनी दहापर्यंत आकडे मोजले आणि प्रेक्षक घरोघर परतले. त्या रात्री मार्सियानो या जगात नव्हता. आणि अली धडधाकट असूनही त्याला खऱ्या रिंगणात उतरण्याची मुभा नव्हती.

भिन्न काळातील खेळाडूंची तुलना क्रीडाप्रेमींना नवी नाही. दोन पिढ्यांतील फलंदाजांविषयी आपणही हिरिरीने वाद घालतो. मात्र क्रिकेटमध्ये खेळपट्टी, गोलंदाज, संघ अशा अनेक गोष्टी मधे येतात आणि वाद सरासरीच्या आकड्यांत विरून जातो. मुष्टियुद्धात दोनच माणसे, एकच रिंगण आणि शेवटी एकच उभा राहणार. त्यामुळे या प्रश्नाला नेमके उत्तर असलेच पाहिजे, असे वाटत राहते. ते उत्तर काढण्याचा एक प्रयत्न १९६९ मध्ये झाला. तो कसा झाला आणि कोठे चुकला, हे पाहिले की लढत म्हणजे नेमके काय, यावरच प्रकाश पडतो.

दोन जगज्जेते, दोन स्वभाव

मार्सियानोचे मूळ नाव रोक्को मार्केजियानो. जन्म १ सप्टेंबर १९२३, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन या गावी. वडील इटलीहून आलेले, बुटांच्या कारखान्यातील कामगार. मुलाला बेसबॉलपटू व्हायचे होते. तेथे डाळ शिजली नाही, तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर तो व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे गांभीर्याने वळला. या खेळाच्या दृष्टीने हे वय उशिराचे. उंची सुमारे पाच फूट साडेदहा इंच, वजन १८५ पौंडांच्या आसपास, हात आखूड आणि पदलालित्य जवळजवळ नाहीच. चार्ली गोल्डमन या अनुभवी प्रशिक्षकाने त्याच्या उणिवा झाकण्याचा खटाटोप केला नाही. उलट त्याच उणिवांचे शस्त्र बनवले. आखूड हातांच्या माणसाने लांबून लढण्यात अर्थ नाही, म्हणून गुडघ्यांत वाकून, डोके खाली घालून प्रतिस्पर्ध्याच्या छातीपर्यंत शिरायचे आणि खालून वर ठोसे हाणायचे, हा पवित्रा त्याने घोटून घेतला. २३ सप्टेंबर १९५२ रोजी मार्सियानो जगज्जेता झाला. सहा वेळा किताब राखून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ४९ लढती आणि ४९ विजय होते; त्यांतील ४३ प्रतिस्पर्ध्यांना लढत पुरी करता आली नव्हती.

अलीची जडणघडण नेमकी याच्या उलट. १७ जानेवारी १९४२ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा बाराव्या वर्षीच हातमोजे घालून उभा राहिला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याने लाइट हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले आणि २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सॉनी लिस्टन या दरारा असलेल्या जगज्जेत्याला पदच्युत केले. सहा फूट तीन इंच उंची, २१० पौंडांच्या आसपास वजन आणि तरीही मध्यम वजनी गटाच्या योद्ध्यासारखी चपळाई. हात कमरेशी सैल सोडलेले, ठोसा आला की डोके इंचभर मागे घेऊन तो हुकवायचा, असे त्याचे तंत्र. हे सारे पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध होते. जुन्या जाणकारांना ते उद्धटपणाचे वाटे. मार्च १९६७ पर्यंत त्याच्या नावावर २९ लढती आणि २९ विजय होते. म्हणजे मार्सियानोप्रमाणेच त्याच्याही पराभवाच्या रकान्यात शून्यच होते.

मग २८ एप्रिल १९६७ हा दिवस उजाडला. व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या लष्करभरतीला अलीने ह्यूस्टन येथे धार्मिक कारणास्तव नकार दिला. त्याचा परवाना निलंबित झाला, किताब काढून घेण्यात आला आणि जूनमध्ये न्यायालयाने त्याला पाच वर्षांचा कारावास व दहा हजार डॉलर दंड सुनावला. अपील प्रलंबित असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, पण अमेरिकेत त्याला कोणी लढू देईना आणि पारपत्र जमा असल्याने परदेशीही जाता येईना. वय वर्षे पंचवीस. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा काळ तो महाविद्यालयांत भाषणे देत आणि वकिलांची बिले भागवत घालवत होता.

रेडिओवरची स्पर्धा

याच सुमारास मायामीतील मरी वोरोनर या रेडिओ निर्मात्याला एक कल्पना सुचली. आजवरच्या सोळा थोर हेवीवेट योद्ध्यांची बाद फेरीची स्पर्धा संगणकाकडून खेळवायची आणि तिचे धावते वर्णन रेडिओवरून ऐकवायचे. त्यासाठी 'एनसीआर ३१५' हा त्या काळचा संगणक वापरण्यात आला. संगणक हा शब्दच तेव्हा सामान्य माणसाला जादूसारखा वाटे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे.

पद्धत साधारण अशी होती. मुष्टियुद्धावर लिहिणाऱ्या जाणकारांकडून प्रत्येक योद्ध्याच्या गुणांविषयी मते मागवायची. वेग किती, ठोशात जोर किती, मार सोसण्याची क्षमता किती, जखम लवकर होते काय, धैर्य किती, अशा बाबींना आकडे द्यायचे. त्यांना जुन्या लढतींच्या नोंदींची जोड द्यायची. मग हे सारे यंत्रात भरून, कोणत्या क्षणी कोणाचा कोणता ठोसा बसण्याची शक्यता किती, हे सूत्रांनुसार ठरवत फेरीमागून फेरी पुढे सरकवायची. बाहेर पडलेल्या कागदांवरून लेखक धावते वर्णन लिहीत आणि निवेदक प्रत्यक्ष रिंगणाशेजारी बसल्याच्या आविर्भावात ते सादर करीत. १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या या मालिकेने श्रोत्यांना अक्षरशः खिळवून ठेवले. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले.

अली मात्र उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाला होता, आणि तोही जिम जेफ्रीजकडून. हे नाव साधे नव्हते. जेफ्रीज १८९९ ते १९०५ या काळातील गोरा जगज्जेता. पुढे जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हा 'गोऱ्या वंशाची लाज राखण्यासाठी' याच जेफ्रीजला निवृत्तीतून ओढून आणण्यात आले होते. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्याला चारी मुंड्या चीत केले आणि त्यानंतर अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. अली स्वतःला जॉन्सनचा वारसदार मानत असे. सत्तेने किताब काढून घेतला, तो घेतला. आता यंत्रानेही आपल्याला जेफ्रीजपुढे आडवे करावे, हे त्याच्या जिव्हारी लागले. बदनामी झाल्याचे सांगून त्याने वोरोनरवर दहा लाख डॉलरचा दावा लावला.

सत्तर फेऱ्यांचे चित्रीकरण

तडजोड मोठी विलक्षण झाली. अलीने दहा हजार डॉलर आणि उत्पन्नातील वाटा घेऊन दावा मागे घ्यायचा आणि मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यासमोर लढत द्यायची. मार्सियानोलाही अशाच स्वरूपाचा करार देण्यात आला. तो तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता आणि रिंगण सोडून त्याला तेरा वर्षे झाली होती. त्याने पुन्हा सराव सुरू केला, सुमारे पन्नास पौंड वजन उतरवले आणि विरळ झालेल्या केसांवर टोप चढवला. १९६९ च्या उन्हाळ्यात मायामीतील एका बंदिस्त स्टुडिओत, प्रेक्षकांविना, ही लढत चित्रित झाली.

दोघांनी एकेका मिनिटाच्या सत्तर-एक फेऱ्या खेळल्या. पटकथा नव्हती, ठोसे बरेचसे आवरते घ्यायचे, पण हालचाली मात्र खऱ्या असाव्यात, एवढाच दंडक होता. जमिनीवर पडण्याचे, जखमी होण्याचे, उठून उभे राहण्याचे प्रसंग आणि अनेक वेगवेगळे शेवट टिपून ठेवण्यात आले. संगणकाचा कौल मिळाल्यावर त्याप्रमाणे तुकडे जोडायचे होते. चित्रीकरणाच्या वेळी अलीच्या जॅबने मार्सियानोच्या डोक्यावरचा टोप उडाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. रंगमंचावरच्या या खोट्या लढतीत दोघांमध्ये खरा स्नेह जुळल्याचेही नंतर सांगितले गेले.

काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, आयोवा राज्यातील न्यूटनजवळ एक छोटे विमान कोसळले. त्यात मार्सियानोचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. आपण ही लढत जिंकलो की हरलो, हे त्याला कधीच कळले नाही.

जानेवारीत चित्रपट झळकला. जोडलेल्या कथेत मार्सियानो एकदा खाली पडतो, त्याच्या चेहऱ्यावर जखमा होतात, गुणांत तो मागे राहतो आणि तेराव्या फेरीत अलीला गारद करतो. युरोपात मात्र अली विजयी झाल्याचा शेवट दाखवण्यात आला. एकच लढत, एकच यंत्र आणि निकाल दोन! अलीची प्रतिक्रिया त्याच्या स्वभावाला साजेशी होती. हा संगणक अलाबामात बनवलेला असावा, असा टोला त्याने हाणला. वर्णद्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या राज्याचा उल्लेख पुरेसा बोलका होता.

यंत्राला काय ठाऊक होते?

त्या तेराव्या फेरीकडे जरा बारकाईने पाहू. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटकडून जगज्जेतेपद हिसकावले, ती लढत अशीच झाली होती. पहिल्याच फेरीत वॉलकॉटने त्याला खाली पाडले. कारकिर्दीत असे प्रथमच घडत होते. बारा फेऱ्या संपल्या, तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत दोरांशी टेकलेल्या वॉलकॉटच्या जबड्यावर त्याच्या उजव्या हाताचा अवघा काही इंचांचा ठोसा बसला आणि सारे संपले. चित्रपटातील कथा म्हणजे या लढतीचीच दुसरी आवृत्ती होती. वॉलकॉटच्या जागी अली उभा केला होता, इतकेच.

यात लबाडी होती असे मानण्याचे कारण नाही. यंत्रात जे भरावे तेच फिरून बाहेर येते. जाणकारांनी मार्सियानोच्या धैर्याला आणि ठोशाला भरभरून गुण दिले असणार, कारण ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अलीचा वेगही त्यांनी पाहिला होता. परंतु १९६७ पर्यंत अलीविषयीची एक गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. हा माणूस मार खाऊ शकतो का? त्याला आजवर फारसे कोणी गाठलेच नव्हते. हेन्री कूपरने १९६३ मध्ये लंडनला त्याला खाली पाडले होते, त्याआधी सॉनी बँक्सनेही. पण पंधरा फेऱ्या कोणी सतत अंगावर येत राहिला, बरगड्यांवर घाव घालत राहिला, तर हा नाचरा तरुण उभा राहील की मोडेल? अनेक जुन्या जाणकारांना तो मोडेल असे वाटत होते.

याचे उत्तर पुढे मिळाले. ८ मार्च १९७१ रोजी जो फ्रेझरच्या डाव्या हुकने पंधराव्या फेरीत अली पाठीवर आदळला. तो लगेच उठला आणि हरला तरी लढत पुरी केली. १९७३ मध्ये केन नॉर्टनविरुद्ध जबडा मोडलेल्या अवस्थेत तो अखेरच्या फेरीपर्यंत झुंजला. १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमनचे भयंकर ठोसे दोरांना टेकून झेलत त्याने त्यालाच थकवले आणि आठव्या फेरीत लोळवले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्यांचे ते जीवघेणे युद्ध झाले. मार सोसण्याच्या बाबतीत अलीचे नाव आज सर्वांत वर घेतले जाते. संगणकाला दिलेल्या माहितीत हा गुण असणे शक्यच नव्हते, कारण तो अजून प्रकट झालेला नव्हता.

मार्सियानोची बाजू

असे असले तरी मार्सियानोचे समर्थक केवळ भावनेच्या भरात बोलतात असे नाही. त्यांचा पहिला मुद्दा शैलीचा आहे. अलीला आयुष्यभर त्रास झाला तो अंगाशी भिडून लढणाऱ्यांचा. फ्रेझरची उंची सहा फुटांहून किंचित कमी. तो वाकून, डोके हलवत आत शिरे. मार्सियानोची जातकुळी हीच. शिवाय त्याला नेमक्या जागेची गरज नसे. समोरच्याने दंड आडवे धरले तर तो दंडांवरच हाणत राही; फेऱ्या सरत जात तसे ते दंड जड होऊन खाली येत आणि जबड्याची वाट मोकळी होई. अली डावा हात खाली ठेवत असे. त्यावरून येणारा उजवा ठोसा हा मार्सियानोच्या भात्यातील सर्वांत घातक बाण होता.

दुसरा मुद्दा दमाचा. मार्सियानो सरावात कमालीचा कठोर होता आणि शेवटच्या फेरीतही पहिल्याच जोमाने ठोसे हाणू शकत असे. त्या काळी अजिंक्यपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम ड्यूक कू याच्या मृत्यूनंतर ती पुढे बारा फेऱ्यांवर आणण्यात आली. वॉलकॉटविरुद्धची लढत आजच्या नियमांनी झाली असती, तर मार्सियानो त्या रात्री हरला असता. पंधरा फेऱ्यांच्या काळात मात्र त्याच्याशी आघाडीवर असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

तिसरा मुद्दा जिद्दीचा. सप्टेंबर १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सविरुद्ध त्याचे नाक असे फाटले की लढत थांबवली जाण्याची वेळ आली. थांबवली असती तर किताब गेला असता. त्याने आठव्या फेरीत सर्वस्व पणाला लावून चार्ल्सला गारद केले. हातून वेळ निसटत असताना अधिक धोकादायक होणारा योद्धा विरळाच.

अलीची बाजू

अलीचे समर्थक प्रथम मोजपट्टी काढतात. उंचीत साडेचार इंचांचा, हातांच्या पल्ल्यात सुमारे दहा इंचांचा आणि वजनात पंचवीसेक पौंडांचा फरक. मार्सियानो आजच्या काळात असता तर हेवीवेट गटात उतरलाच नसता. २०० पौंडांखालच्या क्रूझरवेट गटात खेळला असता. फ्रेझरशी तुलना करतानाही हे विसरून चालत नाही. १९७१ चा फ्रेझर मार्सियानोपेक्षा सुमारे वीस पौंडांनी भारी होता आणि अलीला लोळवणारे बँक्स, कूपर व फ्रेझर या तिघांचेही ठोसे डाव्या हाताचे हुक होते. मार्सियानोचा भरवशाचा हात उजवा.

दुसरा मुद्दा प्रतिस्पर्ध्यांच्या वयाचा. मार्सियानोने जो लुईला हरवले, तेव्हा लुई सदतीस वर्षांचा होता आणि त्याचा सुवर्णकाळ केव्हाच सरला होता. वॉलकॉट अडतिशीत होता. मार्सियानोच्या अखेरच्या लढतीत, २१ सप्टेंबर १९५५ रोजी, आर्ची मूर चाळिशीकडे झुकलेला होता आणि तरीही त्याने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडले. पंचविशीतला, सहा फूट तीन इंचांचा, वाऱ्याच्या वेगाने सरकणारा प्रतिस्पर्धी मार्सियानोने कधी पाहिलाच नव्हता. अर्थात येथे तराजूचे दुसरे पारडेही पाहायला हवे. अलीची सर्वांत देखणी मानली जाणारी कामगिरी नोव्हेंबर १९६६ मधील क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्धची. आणि तो विल्यम्स दोन वर्षांपूर्वी पोलिसाच्या गोळीने गंभीर जखमी झालेला माणूस होता.

तिसरा आणि माझ्या मते निर्णायक मुद्दा जखमांचा. मार्सियानोच्या चेहऱ्याची त्वचा लवकर फाटत असे. अलीचा जॅब सरळ लोळवणारा नव्हता. तो चाबकासारखा फटकारा होता आणि तो त्वचा चिरत असे. कूपरची लढत अलीने अशीच जिंकली. पुढे १९७० मध्ये जेरी क्वारीविरुद्धचीही तशीच. पल्ल्याच्या बाहेरून दहा फेऱ्या असा मारा झाला असता, तर मार्सियानोचा धीर सुटला नसता. पण डोळ्यांवरून रक्त वाहताना पंचांनीच त्याला थांबवले असते. कोणी पैज लावायला सांगितली, तर १९६६-६७ च्या अलीने ही लढत दहाव्या-बाराव्या फेरीच्या सुमारास जखमांमुळे जिंकली असती, असे मी म्हणेन. मात्र तोवर अलीच्या बरगड्यांची काय अवस्था झाली असती, हे सांगण्याचे धाडस करणार नाही.

कोणता अली?

वरच्या वाक्यात '१९६६-६७ चा अली' असे म्हणावे लागले, यातच या वादाची खरी मेख आहे. मार्सियानो एकच होता. १९५२ ते १९५५ या चार वर्षांत तो शिखरावर होता आणि शिखरावरूनच उतरला. अली मात्र दोन होते. एक पायांवर लढणारा, ज्याला कोणी गाठू शकत नव्हते. दुसरा बंदी उठल्यानंतरचा, पाय मंदावलेला, ठोसे झेलून जिंकणारा. पहिल्याचे धैर्य आपल्याला ठाऊक नाही, कारण त्याची कसोटी लागली नाही. दुसऱ्याचे धैर्य ठाऊक आहे, पण त्याचा वेग गेलेला होता. वादात आपण नकळत पहिल्याचे पाय आणि दुसऱ्याचे काळीज एकत्र करतो आणि असा एक अली उभा करतो, जो प्रत्यक्षात कधी रिंगणात उतरलाच नाही.

या दोघांच्या मधे साडेतीन वर्षांची पोकळी आहे. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचा, कदाचित सर्वोत्तम ठरला असता असा अली कोणी पाहिला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून १९७१ रोजी त्याची शिक्षा एकमताने रद्द केली. पण गेलेली वर्षे परत देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नसतो. त्या काळातील अलीच्या हालचालींचे जे थोडके चित्रण उरले, त्यात मायामीच्या स्टुडिओतल्या त्या सत्तर लुटुपुटूच्या फेऱ्या येतात. स्थूलतेकडे झुकलेल्या, दमलेल्या, टोप घातलेल्या प्रौढ माणसासमोर सत्तावीस वर्षांचा अली हात आवरून नाचतो आहे, हे दृश्य पाहताना मार्सियानो जिंकतो की अली, यापेक्षा दुसरेच काही मनाला बोचत राहते. खऱ्या लढतीची परवानगी नसलेल्या माणसाला खोट्या लढतीत हरण्याचे पैसे मिळत होते.

आज संगणक त्या काळच्या यंत्राच्या लाखो पटींनी समर्थ आहेत. एकच लढत ते हजारो वेळा खेळवू शकतात आणि कोणाच्या विजयाची शक्यता किती टक्के, हे दशांशापर्यंत सांगू शकतात. २००६ च्या 'रॉकी बाल्बोआ' या चित्रपटाचे कथानकही संगणकाने जुळवलेल्या अशाच एका काल्पनिक लढतीतून सुरू होते. परंतु मूळ अडचण यंत्राच्या ताकदीची नव्हती. ज्ञात गुणांची बेरीज-वजाबाकी करून लढतीचा निकाल काढता येतो, हे गृहीतच अपुरे आहे. फिलाडेल्फियाच्या त्या तेराव्या फेरीआधी, मागे पडलेला मार्सियानो काय करू शकतो, हे खुद्द मार्सियानोलाही पुरते ठाऊक नसावे. फ्रेझरच्या हुकनंतर आपण उठू शकतो, हे अलीला उठल्यावरच कळले. लढत ही आधीच ठरलेल्या गुणांची तपासणी नसते. जे गुण कोणालाच ठाऊक नसतात, ते तिथे जन्माला येतात. म्हणून न झालेल्या लढतीचे उत्तर माहितीअभावी अडलेले नाही. ते उत्तर अस्तित्वातच आलेले नाही.

मार्सियानोच्या ४९ विजयांच्या विक्रमाजवळ लॅरी होम्स पोहोचला होता. अट्ठेचाळीस विजयांनंतर २१ सप्टेंबर १९८५ रोजी, मार्सियानोच्या अखेरच्या लढतीला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, मायकेल स्पिंक्सने त्याला हरवले. २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदरने पन्नासावा विजय नोंदवला, पण तो हलक्या वजनी गटांतला. हेवीवेट जगज्जेत्यांमध्ये अपराजित निवृत्तीचा मार्सियानोचा तो शून्य आजही दिमाखात उभा आहे. अलीच्या नावापुढे ५६ विजयांबरोबर पाच पराभव आहेत आणि त्या पराभवांनीही त्याची उंची वाढवलीच. ३ जून २०१६ रोजी तोही गेला. एकाने काय गमावले नाही यावरून आपण त्याला मोजतो. दुसऱ्याने काय गमावून परत मिळवले यावरून. या दोन मापांची गाठ कोणत्याही रिंगणात पडू शकत नाही. म्हणूनच वाद मिटत नाही, आणि खरे सांगायचे तर तो मिटावा असे कोणाला वाटतही नाही.